लोहगावचा भाडेकरू

नारायण पेठेत कोणी म्हणालं, "एअरपोर्टला सोडायला जायचंय," की ऐकणारा आधी विचारतो, "लोहगाव की मुंबई?" दोन्हींची तयारी वेगळी. लोहगाव म्हणजे दिल्ली, बंगळूरू, नागपूर. कपड्यांची एक बॅग आणि वेळेवर मिळालेली रिक्षा. मुंबई म्हणजे मुलगी, जावई, नातवंडं आणि महासागर. त्या दिवशी जेवणं आठलाच उरकतात. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा हातकाट्याला लटकवून तिसऱ्यांदा तोलल्या जातात. भाजणीचा डबा या बॅगेतून त्या बॅगेत जातो, मेतकुटाची पिशवी हॅन्डबॅगेत सरकते, लोणच्याच्या बरणीवर घरात मतभेद होतात. गाडी बोळात शिरत नाही, म्हणून ती केळकर रस्त्याला उभी. रात्री अकराला निघायचं, एक्सप्रेस वेवर कुठेतरी चहा घ्यायचा आणि अडीच-तीनला सहारच्या दारात उतरायचं. विमान पहाटेचं असतं. सोडायला गेलेले आजोबा परत येतात तेव्हा पेठेत दूधवाले फिरत असतात.

सांस्कृतिक राजधानी, विद्येचं माहेरघर, ऑटो हब, आयटी हब अशा सगळ्या पदव्या मिरवणाऱ्या या शहरातून थेट परदेशी जाणारी विमानं बोटांवर मोजता येतात. पुणेकर याचा दोष सहसा राजकारण्यांना देतो आणि विषय संपवतो. खरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. देशात विमान वाहतूक कशी उभी राहते आणि कुठे अडते, हे पाहायला लोहगाव आणि पुरंदर एवढे दोन पत्ते पुरतात.

पेठेतल्या वाचकाला हे प्रकरण पटकन कळेल, कारण वाड्यात राहिलेल्या माणसाला मालक-भाडेकरू हे नातं शिकवावं लागत नाही. पुण्याची नागरी विमान वाहतूक लोहगावात भाडेकरू आहे. वाडा हवाई दलाचा.

हा वाडा १९३९ सालचा. मुंबईला हवाई संरक्षण द्यायचं म्हणून ब्रिटिशांनी लोहगावला तळ उभारला. दुसऱ्या महायुद्धात इथून स्पिटफायर, मॉस्किटो, वेलिंग्टन अशी विमानं उडाली. १९४७ मध्ये तळ भारतीय हवाई दलाच्या हाती आला. १९९७ मध्ये रशियातून सुखोई-३० विमानं आली, ती पहिल्यांदा इथेच उतरली. विमाननगरमधल्या घरांच्या काचा थरथरतात तेव्हा तिथली माणसं बोलता बोलता थांबतात आणि आवाज गेला की त्याच वाक्यापासून पुढे बोलायला लागतात. नागरी प्रवाशांसाठी याच तळाच्या एका कडेला जागा दिलेली आहे. टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं. धावपट्टी हवाई दलाची. कोणी कधी उडायचं आणि कधी उतरायचं हे सांगणारा नियंत्रण कक्षही हवाई दलाचाच. सुरक्षेला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, रस्ता महापालिकेचा, जमीन हवी असेल तर राज्य सरकार. काम अडलं की कोणाच्या दारात जायचं, याचं उत्तर शोधण्यातच एक वर्ष जातं.

मालक वाईट आहे असं नव्हे. देशाचं हवाई संरक्षण हे त्याचं पहिलं काम, आणि ते त्याने करायलाच हवं. लढाऊ वैमानिकांच्या सरावाच्या वेळा राखून ठेवल्या जातात; उरलेल्या वेळेत नागरी विमानांना 'स्लॉट' मिळतात. विमान कंपन्यांना नवं उड्डाण हवं असतं सकाळी सातचं किंवा संध्याकाळी सातचं, आणि त्याच वेळा भरलेल्या असतात. मग मिळतं ते रात्री दोनचं. पुण्याहून पहाटे तीनला सुटणाऱ्या विमानांची जी गंमत केली जाते, तिच्यामागे हे वेळापत्रक आहे.

ऑक्टोबर २०२० पासून धावपट्टीचा पृष्ठभाग नव्याने करायचं काम निघालं. वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ विमानतळ बंद. पुढे १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ हे चौदा दिवस तर चोवीस तास बंद. मुंबईत एक धावपट्टी बंद पडली तर आडवी दुसरी आहे. पुण्यात आडवी आहे ती आखूड, आणि मोठ्या प्रवासी विमानाच्या कामाची नाही. लाखो माणसांच्या प्रवासाचा भार डांबराच्या एकाच पट्टीवर आहे, हे पुणेकरांना त्या पंधरवड्यात कळलं. नंतर आपण ते विसरूनही गेलो.

ही पट्टी २५३५ मीटर लांब आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागेल. विमानाला जमिनीवरून उचलते ती पंखाखालची हवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५९० मीटरवर आहे, आणि उंचीवर हवा विरळ होते. एप्रिल-मेमध्ये तापमान चाळिशीला टेकलं की ती आणखी विरळ होते. विरळ हवेत तेच वजन उचलायला जास्त वेग हवा, म्हणजे जास्त लांब धावायला हवं. फ्रँकफर्ट किंवा लंडनला जाणाऱ्या मोठ्या विमानाच्या पोटात पुऱ्या टाकीचं इंधन असतं. ते घेऊन २५३५ मीटरमध्ये उठायचं म्हणजे प्रवासी किंवा सामान कमी करणं आलं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून विमान चालवणारी कंपनी कुठे असते?

म्हणून २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे–फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू केली, तेव्हा छोट्या अंगाचं बोइंग ७३७ वापरलं. चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे जर्मनीला जाणाऱ्यांची कमी नव्हती. तिकीट महाग, जागा मोजक्या, तरी ती सेवा बरीच वर्षं चालली आणि पुढे बंद पडली. पुण्याहून पहिली आंतरराष्ट्रीय उड्डाणं २००५ च्या डिसेंबरात सुरू झाली होती. वीस वर्षांनंतरही यादी दुबई, बँकॉक अशा जवळच्या ठिकाणांपलीकडे फारशी सरकलेली नाही. मागणी नाही म्हणून हे झालं, असं म्हणणाऱ्याने एकदा रात्री खालापूरच्या टोलनाक्यावर उभं राहून मुंबईकडे जाणाऱ्या टॅक्सींच्या टपांवरच्या बॅगा मोजाव्यात.

धावपट्टी लांबवायची योजना आहे. पाचेकशे मीटर वाढवली तर मोठी विमानं येऊ शकतील असा हिशेब मांडला जातो. पण धावपट्टी म्हणजे फक्त जमिनीवरचं डांबर नसतं. तिच्या दोन्ही टोकांपासून आकाशात एक उताराचा पट्टा चढत जातो आणि काही किलोमीटर पसरतो. त्यात इमारत, टॉवर, चिमणी, टेकडी, काहीही घुसता कामा नये. पट्टी पुढे सरकली की हा पट्टाही पुढे सरकतो आणि कालपर्यंत नियमात बसणारी इमारत आज अडथळा ठरते. पुण्यात उंच बांधकाम करणाऱ्याला विमानतळाचं ना-हरकत पत्र लागतं ते याच हिशेबासाठी. आमच्या पेठेत वाडे पाडून इमारती उभ्या राहतात तेव्हा सोसायटीच्या बैठकीत चटईक्षेत्रावर तासन् तास वाद होतात; डोक्यावरच्या आकाशालाही मोजमाप आणि मालक आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

अदृश्य आकाशाचा हा कायदा सोलापूरकरांना विचारावा. केंद्राची उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, लहान शहरांना विमान, असं तिचं सूत्र. २०१७ च्या पहिल्या फेरीतच सोलापूरचं नाव होतं. विमानतळ तयार, धावपट्टी तयार, पण वाटेत सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची सुमारे नव्वद मीटर उंच चिमणी. ऊस उत्पादक सभासद म्हणत, कारखाना आमच्या पोटाचा आहे. विमानाची वाट पाहणारे म्हणत, शहर मागे पडलं. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, मोर्चे, उपोषणं झाली. १५ जून २०२३ ला पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडली. पहिलं नियमित प्रवासी विमान गोव्याला निघालं ते ९ जून २०२५ ला. चिमणी पडायला काही सेकंद लागले, विमान यायला आणखी दोन वर्षं.

सिंधुदुर्गातल्या चिपीचं उलटं झालं. तिथे ऑक्टोबर २०२१ मध्ये वाजतगाजत विमानतळ सुरू झाला, आणि सव्वा वर्षात गोव्यातला मोपा, साडेतीन किलोमीटर धावपट्टी घेऊन, हाकेच्या अंतरावर उभा राहिला. मालवणच्या चाकरमान्याला कुठलं तिकीट स्वस्त ते कळतं. सरकारी आकडेवारीत २०१४ मधले ७४ विमानतळ आज दीडशेच्या वर गेले, हे खरं आहे आणि कौतुकाचंही. मात्र फीत कापलेला विमानतळ आणि रोज विमान येणारा विमानतळ यांची गणती वेगळी करायला हवी, म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

पुण्यात फीत १० मार्च २०२४ ला कापली गेली. पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने लोहगावच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन केलं. आत प्रवासी शिरले १४ जुलैला. मधले चार महिने ही देखणी इमारत कुलूपबंद होती आणि जुन्या टर्मिनलमध्ये लोक बॅगांवर बसून होते. सुरू झाल्यावर मात्र फरक जाणवला. सुमारे पन्नास हजार चौरस मीटरची जागा, मोकळे चेक-इन काउंटर, भिंतींवर मराठमोळी सजावट. २०२४-२५ मध्ये पुण्याने वर्षाला एक कोटी प्रवाशांचा टप्पा ओलांडला. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा ठराव केला. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ, नाव शोभतं. पण भाडेकरूने आपली खोली कितीही सजवली तरी अंगण त्याचं होत नाही. टर्मिनलची क्षमता वाढली. धावपट्टी तीच, स्लॉट तेच, रात्री दोनची उड्डाणं तीच.

मग स्वतःचं घर बांधायचा विषय येतो, आणि इथून पुण्याच्या विमानतळाची खरी भटकंती सुरू होते. आधी चाकण. मग राजगुरुनगरच्या आसपासच्या जागा, खेड तालुक्यात एकामागून एक. तिथे डोंगर आडवे आले, शेतकरी आडवे आले, जमिनीचे भाव वर गेले. शेवटी प्राधिकरणाने तांत्रिक कारणांनी खेडवर फुली मारली. २०१६ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने पुरंदरची जागा जाहीर केली आणि छत्रपती संभाजी महाराजांचं नाव ठरवलं. महाराजांचा जन्म १६५७ चा, पुरंदर किल्ल्यावरचा. जागेला संरक्षण खात्याची मान्यता मिळाली. २०१९ मध्ये सरकार बदललं. गावांचा विरोध पाहून महाविकास आघाडीने जागा पूर्वेकडे सरकवायचं ठरवलं. तिला संरक्षण खात्याने नकार दिला, कारण पुरंदरचं आकाश लोहगावच्या आकाशाला लागून आहे. स्वतःचं घर बांधायलाही जुन्या मालकाची परवानगी लागते ती अशी. पुन्हा सरकार बदललं, पुन्हा मूळ जागा.

मूळ जागा म्हणजे सात गावं: पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी. पुण्याच्या वर्तमानपत्रांत यांचा उल्लेख 'पुरंदरमधील सात गावे' असा एका शब्दसमूहात होतो, म्हणून नावं मुद्दाम लिहिली. खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला उतरलं की रस्त्याकडेला अंजीर आणि सीताफळाच्या पाट्या मांडलेल्या दिसतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे विमानतळाची घोषणा आणि अंजिराचा मान एकाच वर्षीचा. अंजिराला खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरतात. फळ नाजूक, काढलं की लगेच बाजारात पोचवावं लागतं. झाडावर आणि बाजारावर सतत नजर ठेवणाऱ्याचंच हे पीक.

या भागाला पाणी मुळात कमी. पुरंदर उपसा सिंचन योजनेने मुळा-मुठेचं पाणी उचलून वर आणलं तेव्हा इथल्या बऱ्याच शेतांचा नूर पालटला. आता नारायण पेठेच्या वाचकाने थोडं थांबावं. भिडे पुलाखालून जाणारी आपली मुठा, आपल्या न्हाणीघरांचं आणि स्वयंपाकघरांचं पाणी पोटात घेऊन पुढे जाते. तेच पाणी उपसलं जाऊन घाटापलीकडच्या शेतात पोचतं. आपण घाण पाणी दिलं, त्यांनी त्यावर मळे फुलवून दाखवले. आता आपल्याला मुलीला सोडायला जवळचं विमान हवं म्हणून तीच शेतं हवी आहेत. हे लिहिताना मी विमानतळाच्या विरोधात नाही. पण हा व्यवहार नेमका कोणाकोणात आहे, ते पेठेला माहीत असावं.

मे २०२५ च्या सुरुवातीला ड्रोनने मोजणी करायला प्रशासन गेलं. गावकऱ्यांनी अडवलं, दगडफेक झाली, लाठीमार झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. ग्रामसभांचे विरोधाचे ठराव आधीपासून होते. त्यानंतर सरकारने दोन गोष्टी केल्या. आधी जवळपास सात हजार एकरांची असलेली मागणी सुमारे तीन हजार एकरांवर आणली. आणि मोबदल्याबरोबर दहा टक्के विकसित भूखंड द्यायची भाषा सुरू केली. २०२५ च्या उत्तरार्धात बहुतेक शेतकऱ्यांनी संमतीपत्रं दिल्याचं प्रशासनाने सांगितलं. एक साधा प्रश्न उरतो: तीन हजार एकरांत काम भागत होतं, तर नऊ वर्षं सात हजारांचा धसका कशासाठी दिला? त्या नऊ वर्षांत कोणी नवी विहीर घेतली नसेल, कोणी बाग लावायचं टाळलं असेल, कोणाची लग्नं 'जमीन जाणार आहे' या एका वाक्यावर मोडली असतील. या नुकसानीला कुठल्याच पॅकेजमध्ये रकाना नाही.

भूखंडाच्या आश्वासनाचं काय होतं, हे पाहायला घाट उतरून नवी मुंबईला जावं. तिथल्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये मिळाली. उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि २५ डिसेंबरला प्रवासी विमानं उडाली. अठरा वर्षं! उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावठाणं उठवली. विमानतळाला ज्या दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून लोकांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केलं, ते जानेवारी १९८४ च्या सिडकोविरोधी शेतकरी लढ्याचे नेते. त्या लढ्यात गोळीबारात पाच शेतकरी गेले आणि त्यातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याची योजना आली. विमानतळासाठी हा हिस्सा साडेबावीस टक्क्यांवर गेला. पुरंदरला दहा टक्के. घाटाच्या खाली आणि वर एकाच राज्याच्या दोन फूटपट्ट्या का, याचं उत्तर पुरंदरच्या शेतकऱ्याला मिळायला हवं.

नवी मुंबईने पुण्याचंही गणित बदललं आहे. ३७०० मीटरच्या दोन समांतर धावपट्ट्यांची आखणी, मालक स्वतंत्र, आणि पुण्याहून सहारपेक्षा जवळ. परदेशी विमानं तिथे पुरेशी यायला लागली की नारायण पेठेतली रात्री अकराची गाडी साडेबाराला निघाली तरी चालेल. मग पुरंदर कशाला, असं म्हणणारे निघतील. नव्या विमानतळांचं २००८ चं केंद्रीय धोरणही जुन्या नागरी विमानतळाच्या दीडशे किलोमीटरच्या आत नवा काढायचा असेल तर वेगळी छाननी सांगतं, आणि पुरंदर लोहगाव व नवी मुंबई या दोघांच्याही तावडीत येतो. माझ्या मते पुण्याला पुरंदर लागेल, पण घोषणांमध्ये म्हणतात त्या कारणासाठी नव्हे. अमेरिकेची विमानं नवी मुंबईतूनच जास्त जातील. पुरंदर लागेल तो मालवाहतुकीसाठी, देशांतर्गत गर्दीसाठी आणि लोहगावची एकुलती पट्टी पुन्हा चौदा दिवस बंद पडेल त्या दिवसासाठी.

तोवर जवळची कामं करून घ्यावीत. डेक्कनवरून मेट्रोत बसलं की रामवाडी येतं. हा टप्पा ६ मार्च २०२४ ला सुरू झाला. विमानतळ तिथून काही किलोमीटर पुढे, आणि एवढ्या तुकड्यासाठी बॅग घेऊन रिक्षाशी हुज्जत घालावी लागते. एक कोटी प्रवाशांच्या विमानतळाला मेट्रो दारापर्यंत नसावी, याचा दोष हवाई दलाला देता येणार नाही. धावपट्टी वाढवायची असेल तर तिची तारीख, पैसा आणि जमीन अदलाबदलीचा करार लिहून जाहीर करावा. भाडेकरूनेही कधीतरी मालकाकडून लेखी करारनामा मागावा. आणि पुरंदरला पहिला बुलडोझर जायच्या आधी सातही गावांतल्या माणसांच्या हातात भूखंडाचा कागद पडावा, नंतर नव्हे.

पुढच्या निवडणुकीत कोणी पेठेत दारोदार फिरत पुण्याच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाची गोष्ट सांगायला लागलं, तर चहा जरूर द्या. फक्त त्याला तीन आकडे विचारा: धावपट्टी किती मीटर झाली, ताब्यात जमीन किती एकर आली, आणि पारगावच्या किती घरांच्या नावावर भूखंड चढला.